एमडीएफचा राजहंसगड: रंगाआधीचे अडीच महिने

बेळगावच्या वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की भातशेतीच्या पलीकडं राजहंसगड दिसायला लागतो. मी लहान असताना दिवाळीत गल्लीत आम्ही त्याच गडाचा मातीचा किल्ला करायचो. तुळशीच्या लग्नाआधी तो मोडायचा, माती परत परड्यात टाकायची. या वर्षी मे महिन्यात लेकीनं विचारलं, "बाबा, मोडावा लागणार नाही असा किल्ला करूया का?" त्यातून हे सगळं सुरू झालं. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. सुतारकाम किंवा रंगकाम कधी शिकलेलो नाही. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पानावर, रंग देण्याआधी काय करावं लागतं हे मला नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

आमच्या भागातल्या एका वाचनालयात दिवाळीच्या सुमारास हॉल मोकळा असतो. १ जुलैला तिथं मॉडेल मांडायला अर्ज दिला. अर्जासोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि मॉडेलचं मोजमाप लिहिलेला कागद जोडला. कमिटीची मीटिंग दुसऱ्या शनिवारी, म्हणजे १२ जुलैला झाली आणि १६ तारखेला होकाराचं पत्र मिळालं. अटी अशा होत्या: आकार तीन बाय दोन फुटांच्या वर नको, नावाची पाटी कन्नड आणि मराठी दोन्हीत हवी, ५०० रुपये डिपॉझिट, मॉडेल १५ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचच्या आत आणून द्यायचं, आणि हॉलमध्ये रंगाचा वास येता कामा नये. ही शेवटची अट तेव्हा मी सहज वाचून सोडली. पुढं कोणतं सीलर (रंगाआधी कडा बंद करायचा लेप) वापरायचं ते तिनंच ठरवलं.

गड उंचीच्या थरांनी करायचा ठरवला होता. एसआरटीएमची (नासाच्या अवकाशयानातून रडारनं मोजलेली) उंचीची माहिती फुकट मिळते, लॉगिन तेवढं करावं लागतं. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन तीन-तीन मीटरच्या समोच्च रेषा काढल्या. ही माहिती ३० मीटर अंतरावरच्या बिंदूंची असते. त्यामुळं डोंगराचा आकार ढोबळ येतो, आणि तटबंदी व बुरूज स्वतः जाऊन फोटो आणि पावलांनी मोजून बसवावे लागले. प्रमाण एकास हजार धरलं, म्हणजे ३ मिलिमीटरचा एक थर हा तीन मीटर उंचीचा झाला. असे बावीस थर. जे थर रचून डोंगर करणार असतील त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. अशा मॉडेलमध्ये लोकांना दिसतात त्या बहुतेक सगळ्या कडाच असतात, आणि एमडीएफची सगळी दुखणी कडेलाच असतात.

१९ जुलैला, शनिवारी, लेझर कटिंगच्या दुकानात गेलो. सगळीकडं गणपतीच्या मखरांचं काम चाललेलं, टेबलावर एमडीएफच्या महिरपींचा ढीग. काउंटरवरच्या मुलानं हात जोडून सांगितलं, "नाळे बर्री (उद्या या)... नाही, नाळे पण नाही, चौदसनंतर या." मी विनवणी केल्यावर वरचे चार थर आणि तटबंदीचे तुकडे तेवढे त्याच दिवशी कापून दिले. ३५० रुपये झाले. ही नमुन्याची कापणी झाली म्हणून मी वाचलो. एकदम सगळं कापून घेतलं असतं तर सगळं वाया गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात कालवून कडांवर ब्रशनं मारायचं, की कडा बंद होतात, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. तसंच केलं. ओलं होतं तोवर फार छान दिसत होतं. सोमवारी कामावर जाण्याआधी बघितलं तर कडेला बोट लावल्यावर केसाळ लागत होतं, खरखरीत गोणपाटासारखं. तटबंदीचे तुकडे उभे बसवायला थरात ३.१ मिलिमीटरच्या खाचा ठेवल्या होत्या. तुकडा त्यात जाईना. व्हर्नियर (जाडी मापायचं साधन) लावला तर खालची कड ३.५८ भरली. रात्रीतून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फुगली होती. शिवाय लेझरनं जळलेल्या कडेचा काळा कोळसा पाण्यात उतरून पांढऱ्यावर चहाच्या डागासारखा पसरला होता. लेकीनं तो तुकडा हातात घेऊन दोनदा खाचेत दाबून बघितला आणि काही न बोलता खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं. काम सुरू व्हायच्या आधीच आपल्या हातून बिघडलं असं झालं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतारमामा आहेत, वयानं सत्तरीच्या पुढं. तुकडा त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी नखानं कड खरवडली आणि म्हणाले, "हे लाकूड न्हवं ओ. लाकडाचा लोकर करून दाबलेला हाय. वरनं गुळगुळीत दिसतंय, पर कडंनं पाणी पितंय. आधी त्याचं तोंड बंद करा, मग रंगाचं बघूया."

मामांनी एका वाक्यात सांगितलं ते मी नंतर नीट समजून घेतलं. लाकडाचे तंतू युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या राळेत मिसळून उष्णता आणि दाबाखाली त्याचं पान करतात. दोन्ही पृष्ठं आधी तापतात आणि जास्त दाबली जातात, म्हणून वरचा आणि खालचा पापुद्रा घट्ट होतो आणि मधला गाभा त्या मानानं मोकळा राहतो. कापलं की हा मोकळा गाभा उघडा पडतो. दाबलेल्या तंतूंना पाणी मिळालं की ते उलगडतात, आणि एकदा उलगडले की वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. गोंदपाण्यात अर्धं पाणीच होतं, म्हणजे बंद करायच्या आधी मीच त्याला पाणी पाजलं होतं.

मामांनी सांगितल्याप्रमाणं २७ जुलैला तयार फ्रेंच पॉलिशची बाटली आणली. पॉलिश म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली, पाणी नाही, त्यामुळं तंतू फुगत नाहीत. फुगले नाहीतच. पण अर्ध्या तासात सगळ्या तुकड्यावर पांढरट धुकं धरलं, काचेवर श्वास सोडल्यासारखं. बाहेर चार दिवस सूर्य दिसला नव्हता. मामा म्हणाले, "पावसात पॉलिश करायलासा व्हय? पांढरं पडणारच की." स्पिरिट झपाट्यानं उडतं तेव्हा पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि वाळणाऱ्या पापुद्र्यात अडकते. एनसी सीलरचंही (नायट्रोसेल्युलोजचा, थिनरमध्ये पातळ करायचा लेप) असंच होतं. मग मी ३२० रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घेतला. त्या आठवड्यात तो ८८ टक्क्यांच्या खाली आला नाही. आपल्याकडं, बेळगाव-खानापूर पट्ट्यात, जुलै-ऑगस्टात हे काम करणाऱ्यांनी मीटर नक्की घ्यावा. ७० च्या वर असेल तर बाटली उघडायचीच नाही असा नियम मी केला आणि शेवटपर्यंत पाळला. पांढरं पडलेलं पॉलिश वाया जात नाही. कोरड्या दिवशी त्यावर स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की धुकं जातं.

ऑगस्ट महिना थांबण्यातच जाणार होता, तेव्हा तो चाचणीला वापरला. वाया गेलेल्या तुकड्यांच्या बोटभर पट्ट्या कापल्या, पाठीवर पेन्सिलीनं नंबर घातले. एक कोरी ठेवली, एकीला गोंदपाणी, एकीला पॉलिशचा एक हात, एकीला तीन हात, एकीला एनसी सँडिंग सीलर, एकीला तेलातला वूड प्रायमर. एकीच्या कडेत रंगारी वापरतात ती लांबी (पुट्टी) बोटानं दाबून भरली आणि वाळल्यावर घासली. मोकळ्या हवेत हे सगळं महिनाभर जमलं नसतं. पण १० आणि १७ ऑगस्टच्या रविवारी दुपारी तास-दोन तास ऊन मिळालं, तेवढ्यात उरकलं. पट्ट्या आठवडाभर वाळल्यावर प्रत्येकीच्या कडेला ओल्या कापडाची घडी अर्धा तास लावून ठेवली आणि व्हर्नियरनं मापलं. सगळ्या ३ मिलिमीटरच्या होत्या. कोरी ३.४४ झाली. गोंदपाण्याची ३.२९, कारण तो गोंद वाळला तरी पाण्यात पुन्हा मऊ होतो. पॉलिशचा एकच हात असलेली ३.२० आणि तीन हात असलेली ३.०५. एनसी सीलर आणि तेलाचा प्रायमर दोन्ही जवळजवळ होत्या तशाच राहिल्या. लांबीची कड दिसायला सगळ्यात सुरेख, तंतूची खूणही नाही, पण ओली होताच मऊ पडून नखानं निघाली. लांबी भरायचीच असेल तर तिच्याखाली आणि वर दुसरं काहीतरी हवं.

नुसत्या आकड्यांवर गेलो असतो तर एनसी सीलर किंवा तेलाचा प्रायमर घेतला असता. पण तेलाच्या प्रायमरचा वास आठ दिवसांनीही खोलीत होता, आणि सीलरच्या थिनरनं आईला ठसका लागला. वाचनालयाची वासाची अट तेव्हा आठवली. एनसीचा आणखी एक धोका सांगून ठेवतो. तुमच्या मॉडेलमध्ये थर्मोकोलची टेकडी किंवा खडक असेल तर थिनर त्याला खाऊन खड्डा पाडतं. शेवटी पॉलिशचे तीन हात हे माझ्यासाठी पक्कं झालं. वास दोन दिवसांत गेला, वर पाण्यातला किंवा तेलातला कुठलाही रंग बसतो, आणि लेझरचा तपकिरी डाग लाखेखाली अडकून राहतो, वर येत नाही. ज्यांना अशी अट नाही आणि मोकळी गच्ची आहे त्यांना एनसी सीलर जास्त लवकर काम देईल.

चौदस ६ सप्टेंबरला झाली आणि १२ तारखेला पूर्ण कापणी हातात आली. ३ मिलिमीटरची दोन पानं १,५०० रुपये, पायाचा १२ मिलिमीटरचा तुकडा ३०० आणि कटिंगचे (बिलासह) २,४००. थर आतून पोकळ ठेवले होते, वरच्या थराखाली दीड इंचाची पट्टी तेवढी राहील असे, म्हणून बावीस थर दोन पानांत बसले.

या वेळी लाख सुटी घेतली. खडे बाजारातल्या रंगाच्या दुकानात चपडी लाख पाव किलो ३०० रुपयांना मिळाली. स्पिरिट देताना दुकानदारानं वहीत नाव, मोबाईल नंबर आणि कशासाठी ते लिहून घेतलं. मी "किल्ल्यासाठी" म्हटल्यावर तो थांबला, मग कुठला किल्ला ते विचारून तेही लिहिलं. २१ सप्टेंबरला रात्री काचेच्या बरणीत एक लिटर स्पिरिटला पाव किलो लाख घालून ठेवली, येता-जाता हलवली. सकाळपर्यंत मधासारख्या रंगाचं पातळ द्रावण झालं होतं. ते जुन्या सुती बनियनमधून गाळलं. बरणीचं झाकण धातूचं नको. आणि हे काम देवघराजवळ किंवा गॅसजवळ अजिबात करू नये. घटस्थापनेचा अखंड दिवा घरात होता म्हणून मी सगळं सामान गच्चीवर नेलं.

आधी जळलेल्या कडा. स्पिरिटच्या फडक्यानं काजळी पुसली, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासलं. याची धूळ पिठासारखी बारीक असते, तिच्यात राळही असते, ती छातीत जाऊ देऊ नये. एन-९५ मास्क घाला आणि खाली ओलं फडकं अंथरा.

पुढचा प्रश्न माझा आठवडाभर डोक्यात घोळत होता. थर आधी चिकटवून मग पॉलिश करायचं, की आधी पॉलिश? आधी चिकटवले तर आतल्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही. आधी पॉलिश केलं तर गोंद धरत नाही, कारण त्याला उघडा तंतू लागतो. लेकीनं उपाय काढला. प्रत्येक थरावर त्याच्या वरचा थर ठेवायचा, पेन्सिलीनं बाहेरची रेघ मारायची, आणि रेघेच्या बाहेर तेवढंच पॉलिश द्यायचं. कड पूर्ण, वरची दिसणारी पट्टी पूर्ण, रेघेच्या आत कोरं. दोन दिवस ती शाळेतून आली की रेघा मारत बसायची. बावीस थरांवर एकाही ठिकाणी रेघ चुकली नाही.

पहिला हात दिला की काही दिलंच नाही असं वाटतं. ब्रश कडेवरून पुढं गेला की मागची कड लगेच कोरडी आणि मंद दिसते, सगळं आत जातं. घाबरून तिथंच पुन्हा ब्रश फिरवू नये, ओघळ येतात. पाऊण तास थांबून ३२० नंबरच्या पेपरनं अगदी हलक्या हातानं, दोनच फेऱ्या. उभे राहिलेले तंतू तेवढे तुटले पाहिजेत, खालचा पापुद्रा फाटता कामा नये. दुसऱ्या हाताला कडेवर कुठंकुठं चमक येते, कुठं डाग पडल्यासारखं राहतं. तिसऱ्याला सगळीकडं सारखी मंद चमक आली आणि बोट अडखळायचं थांबलं, नखाच्या पाठीसारखी कड झाली. थांबायची खूण हीच. तीन हातांनीही चमक आली नाही अशा जागी मी चौथा दिला.

२३ सप्टेंबरला मंगळवारी एक चूक झाली. सगळ्यात खालचा मोठा थर घाईत वरूनच पॉलिश करून रात्रभर सपाट ठेवला. सकाळी चारही कोपरे पापडासारखे उचलले होते. एका बाजूनं हवेतली ओल जायला-यायला रस्ता बंद आणि दुसऱ्या बाजूनं मोकळा, त्यामुळं पान वाकतं. पाठीला तेवढेच हात दिले आणि दोन शहाबादी फरशांखाली दोन रात्री ठेवला. तो सरळ झाला, एक कोपरा सोडून, आणि तो पायाला चिकटवताना क्लँपनं बसवला. तेव्हापासून दिसणार नाही त्या बाजूलाही हात द्यायचाच. पायाच्या १२ मिलिमीटरच्या तुकड्याच्या तळालाही दिला. पाठीकडचा दीड इंचाचा गोंदाचा पट्टा तेवढा कोरा ठेवला.

२८ तारखेला थर चिकटवून झाले. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुट्टीला, सकाळी मीटर ६१ दाखवत होता. राखाडी स्प्रे प्रायमरचे दोन पातळ हात दिले. रंग खाली जळका डाग न दाखवता एकसारखा बसला. त्यानंतरचं रंगवणं मजेचंच होतं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तटाला करडा, डोंगराला तांबडा आणि पिवळट हिरवा.

पण सीलिंगची खरी परीक्षा रंगानं होत नाही, ती नंतरच्या मातीनं आणि गवतानं होते, हे लोक विसरतात. गडाच्या उतारावरची तांबडी माती आम्ही मूठभर आणली होती. ती चाळून तव्यावर भाजली. लाकडाचा भुसा हिरवा रंगवला. हे चिकटवायला पातळ गोंद ड्रॉपरनं अक्षरशः ओतावा लागतो, सगळा उतार ओलाचिंब होतो आणि वाळायला दोन दिवस जातात. पायथ्याला येळ्ळूरच्या बासमतीची खाचरं दाखवायची होती, तिथं तर आणखी पाणी. ५ ऑक्टोबरला हे केलं आणि त्या रात्री मी तीनदा उठून बॅटरी घेऊन कडा बघून आलो. जुलैतला तो केसाळ तुकडा डोळ्यांपुढून जात नव्हता. एकही थर फुगला नाही. ७ तारखेला तटबंदीचे तुकडे खाचांत बसवले, एकेक टक् आवाज करत आत गेला. सिद्धेश्वराच्या देवळाचा तुकडा लेकीनं बसवला.

१५ ऑक्टोबरला चार वाजता रिक्षानं निघालो. मॉडेल १४ किलो भरलं, मांडीवर घेऊन बसलो. तिसऱ्या गेटजवळ परतीच्या पावसाची सर आली आणि प्लॅस्टिक उडून पश्चिमेकडचा उतार भिजला. वाचनालयात टेकवल्याबरोबर रुमालानं टिपला. क्लार्कनी पावतीवर "एक लाकडी किल्ला" असं लिहिलं, मोजमाप टेपनं पुन्हा तपासलं, आणि वाकून वास घेऊन बघितला. मग सही केली.

पंधरा दिवसांनी मॉडेल आणि ५०० रुपये परत मिळाले. घरी आणून भिजलेल्या बाजूची तळाची कड व्हर्नियरनं मापली: ३.०६. बरणीत तीन बोटं पॉलिश उरलंय. विरघळवलेली लाख जुनी झाली की लावल्यावर चिकट राहते, नीट कडक होत नाही, म्हणून झाकणावर "२१ सप्टेंबर" लिहून ठेवलंय. मार्चच्या आत मुख्य दरवाजाची कमान नव्यानं करायची आहे, ती यातच होईल.